पान सजवायचं की मांडायचं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आजचा विषय जरा अडचणीचा आहे. डोळ्यांनी पाहायच्या गोष्टीबद्दल मला तुमच्या कानांशी बोलायचं आहे. विषय आहे पानाची मांडणी. कॉलेजचा वार्षिकांक असो, दिवाळी अंक असो, कवितेचं पुस्तक असो, शाळेच्या भिंतीवरचं भित्तिपत्रक असो किंवा मोबाइलच्या पडद्यावर उघडणारं पान असो, ते मांडायचं कसं? आणि शंभर पानांच्या गर्दीत आपलं पान वेगळं ओळखू यावं म्हणून काय करायचं?

हा प्रश्न पोरांनी माझ्या दारात आणून ठेवला आहे. अमरावती आणि अकोल्याच्या कॉलेजांतली मुलं-मुली अधूनमधून घरी येतात. हातात अंकाचा कच्चा नमुना असतो. "चाचा, मजकूर तर जमला. आता अंक एकदम वेगळा दिसला पाहिजे." मी विचारतो, "वेगळा म्हणजे कसा रे?" मग मोबाइल पुढे येतो. त्यात तयार नमुन्यांची रांगच असते. झेंडूची माळ, पणती, सोनेरी वेलबुट्टी, कोपऱ्यात मोराचं पीस. बोट लावलं की पान तयार. गंमत अशी की पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कॉलेजची मुलं येतात, त्यांनाही वेगळंच दिसायचं असतं, आणि त्यांच्याही मोबाइलमध्ये तोच मोर असतो.

आपल्याकडचा पोळा आठवा. बैलांच्या शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळा. तोरणाखाली सगळ्या गावाचे बैल उभे राहतात, झडत्या होतात. परगावच्या पाहुण्याला सगळे बैल सारखेच देखणे दिसतात. पण ज्याचा बैल आहे तो शेतकरी त्याला शंभरात ओळखतो. कशावरून? बेगडीवरून तर नाहीच. वशिंडावरून, मान टाकायच्या ढबीवरून, चालीवरून ओळखतो. बेगड दुसऱ्या दिवशी उतरते. चाल उतरत नाही. पानाचंही तसंच आहे. आता ही पानाची चाल म्हणजे नेमकं काय, ते आपण पाहू.

आधी कोण कसे वेगळे दिसले?

मराठीत छापील पानाची हौस जुनी आहे. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी आपल्या 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि मराठी घरात फराळाच्या ताटाशेजारी अंक येऊन बसला. 1945मध्ये चित्रकार दीनानाथ दलाल यांनी 'दीपावली' सुरू केला. चित्रकारच संपादक झाल्यावर काय होतं, ते त्या अंकानं दाखवलं. चित्र हे मजकुराच्या पोटात कोंबायचं ठिगळ नसून त्याला स्वतःची जागा द्यावी लागते, हे मराठी वाचकाला दलालांच्या पानांनी शिकवलं. पुढे वसंत सरवटे यांनी 'ललित'च्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं केली. हातोडा घेतलेला ठणठणपाळ आणि त्याच्या भोवती मराठी लेखकांची जत्रा. ते चित्र नुसतं पाहून पुढं जायचं नव्हतं, ते वाचायचं होतं. कोण लेखक कुठं उभा आहे आणि का, हे शोधण्यात घरातल्या माणसांची अर्धी दुपार जायची.

कमल शेडगे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. 2020 साली ते गेले. वर्तमानपत्रात नाटकाची जाहिरात बोटभर जागेत यायची. त्या बोटभर जागेत शेडगे नाटकाचं नाव अशा अक्षरांत काढायचे की अक्षर पाहूनच नाटकाचा स्वभाव कळावा. ऐतिहासिक नाटकाचं अक्षर वेगळं, फार्सचं वेगळं. तिथं ना रंग होता, ना चित्राला जागा. होतं ते फक्त अक्षर.

आता याच्या अगदी उलट टोकाचं एक उदाहरण सांगतो. 1955च्या सुमारास मुंबईत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि त्यांच्या मित्रांनी 'शब्द' नावाचं छोटं अनियतकालिक काढलं. ते सायक्लोस्टाइल केलेलं असायचं. आजच्या मुलांना सायक्लोस्टाइल माहीत नाही, म्हणून सांगतो. मेणकागदावर अक्षरं कोरायची, तो कागद शाईच्या रुळावर चढवायचा आणि एकेक प्रत काढायची. शाई कुठं फिकट, कुठं पसरलेली. त्या काळच्या गुळगुळीत मासिकांच्या शेजारी हे पान गरीब दिसत असणार. पण ते लपत नव्हतं. पुढं साठच्या दशकात अशा लघुअनियतकालिकांची लाट आली. अशोक शहाणे, राजा ढाले, भालचंद्र नेमाडे अशी माणसं त्या लाटेत होती. त्यांच्याकडे पैसा नव्हता आणि प्रस्थापित मासिकांचा आशीर्वाद त्यांना नको होता. पान तसंच दिसलं. खरखरीत, घाईचं, कुणाची परवानगी न मागणारं.

याच कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह 1977 साली शहाणे यांच्या प्रास प्रकाशनानं काढला. त्याचं नाव आहे 'अरुण कोलटकरच्या कविता'. नावाकडे नीट पाहा. 'कोलटकर यांच्या' असं नाही, 'कोलटकरच्या' असं आहे. आदरार्थी बहुवचन मुखपृष्ठावरूनच काढून टाकलंय. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेला, जाहिरातीच्या धंद्यात नाव काढलेला हा माणूस. नटवी पुस्तकं काढणं त्याच्या हातचा मळ होता. पण आपल्या कवितेला काय हवं आणि काय नको, हे त्याला ठाऊक होतं.

ही उदाहरणं शेजारीशेजारी ठेवली की एक गोष्ट दिसते. दलालांचं पान समृद्ध आहे, 'शब्द'चं पान फाटकं आहे, शेडग्यांची जागा बोटभर आहे. तिघंही लक्षात राहिले. कारण प्रत्येकानं आधी ठरवलं की मला वाचकाला काय द्यायचं आहे. मग हातात जे होतं त्यातून पान केलं. आमची पोरं उलटीकडून सुरुवात करतात. आधी पान निवडतात आणि मग त्यात मजकूर ओततात.

कोरी जागा फुकट नसते

मी बी. ए.ला असताना अकोल्यात एका छापखान्यात प्रुफं तपासायला जायचो. ऑफसेट आलं होतं, पण लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि एखादा हौशी कवितासंग्रह अजून शिशाच्या खिळ्यांवर निघायचा. ट्रेडल मशीनची खडखड, रॉकेल आणि शाईचा वास. खिळे जुळवणारे एक वयस्क कंपोझिटर होते. डोळे न वळवता त्यांचा हात बरोबर त्या त्या अक्षराच्या खणात जायचा.

तिथं मी एक गोष्ट पाहिली, ती पुढं कुठल्याही पुस्तकात इतकी स्पष्ट सापडली नाही. छापलेल्या पानावर आपल्याला जी कोरी जागा दिसते, ती शिशाच्या छपाईत रिकामी नसते. दोन शब्दांमध्ये, दोन ओळींमध्ये, समासात, ओळ संपल्यानंतरच्या मोकळ्या भागात, सगळीकडे शिशाचे ठोकळे आणि पट्ट्या बसवाव्या लागतात. त्यांची उंची अक्षरापेक्षा कमी असते, म्हणून त्यांना शाई लागत नाही, इतकंच. ते ठोकळे नीट बसले नाहीत तर सगळी चौकट ढिली पडते आणि अक्षरं खाली सांडतात. म्हणजे कोरी जागाच काळ्या अक्षरांना धरून ठेवते.

ते कंपोझिटर म्हणायचे, "कविता दिसाले लहान, पन शिसं गंज खाते, भाऊ." कारण गद्याची ओळ काठोकाठ भरते, कवितेची ओळ अर्ध्यात संपते आणि उरलेली अर्धी ओळ हातानं भरावी लागते. त्यांच्यासाठी कवितेतलं मौनही मजुरीचं काम होतं. वजन करून सांगता यावं असं.

आज संगणकावर कोरी जागा एका बोटानं मिळते, म्हणून तिची किंमत राहिली नाही. पानावर कुठं बोटभर जागा सुटली की पोरांचा जीव कासावीस होतो. तिथं एक फूल टाक, तिथं सुविचार टाक, तिथं जाहिरात नाही मिळाली तर निदान नक्षी टाक. मी त्यांना म्हणतो, राहू दे. वाचणाऱ्याला श्वास घ्यायला जागा लागते. घरात पाहुणा आला आणि सगळ्या खुर्च्यांवर सामान ठेवलेलं असेल, तर तो बसेल कुठं?

मिस्तर आणि महाकाली दरवाजा

माझ्या घरात मराठी आणि उर्दू एकाच चुलीवर शिजल्या. त्यामुळे दुसऱ्या लिपीचा कारखानाही मी लहानपणी जवळून पाहिला. उर्दू वर्तमानपत्रं आणि पुस्तकं फार उशिरापर्यंत हातानं लिहिली जायची. लिहिणाऱ्याला कातिब म्हणतात. 1981च्या आसपास नूरी नस्तालीक हा संगणकीय टंक आला, त्याआधी आणि नंतरही बरीच वर्षं उर्दूचं पान कातिबाच्या बोटांतूनच उतरत असे. नूरी नस्तालीकसाठीसुद्धा मिर्झा अहमद जमील यांना हजारो अक्षरजोडण्या आधी हातानं लिहाव्या लागल्या होत्या.

कातिब लिहायला बसला की पहिली गोष्ट करायचा ती मिस्तर ठेवण्याची. मिस्तर म्हणजे पुठ्ठ्यावर समान अंतरावर ताणलेले दोरे. त्यावर कागद ठेवून दाबला की ओळींच्या खुणा उमटतात. न रंगवलेल्या, फक्त लिहिणाऱ्यालाच दिसणाऱ्या. बोरूच्या टोकाला जेवढी रुंदी, तेवढा एक नुक्ता, आणि प्रत्येक अक्षर किती नुक्ते उंच, किती नुक्ते लांब याचं माप ठरलेलं. इतकी शिस्त पाळूनही दोन कातिबांचं अक्षर कधी एक नव्हतं. जाणकार माणूस लांबून सांगायचा, हे अमक्याचं लिहिणं. वेगळेपण शिस्त मोडून आलेलं नव्हतं. शिस्त इतकी मुरली होती की तिच्यातून माणूस दिसू लागला होता.

कधी अकोट तालुक्यात नरनाळ्याच्या किल्ल्यावर गेलात, तर महाकाली दरवाज्यासमोर थोडा वेळ उभे राहा. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, बहमनी काळातला हा दरवाजा. पांढरट वालुकाश्मात कोरलेला. त्यावर अरबी लेख आहेत, कमळं आहेत, बाजूच्या सज्ज्यांना दगडी जाळ्या आहेत. इतकं सगळं असूनही दरवाजा गजबजलेला वाटत नाही. लेखाला लेखाची पट्टी आहे, कमळाला कमळाची जागा आहे आणि मधला दगड साधा सोडलेला आहे. ज्या कारागिरांनी तो घडवला त्यांना दगड पुन्हा पुसता येणार नव्हता. म्हणून त्यांनी घण उचलण्याआधी ठरवलं असणार, कुठं थांबायचं.

चौकट कवीच्या आधी बोलते

आता जरा जवळचं बोलतो. पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका अंकानं माझ्याकडे कविता मागितली. मी दिली. कविता वेचणीवरची होती. कपाशीच्या बोंडाचं टोकदार टरफल बायकांच्या बोटांना कसं ओरखडतं, त्याबद्दलची. अंक हातात आला. कवितेभोवती हिरवी चौकट, वर घुमट, दोन बाजूंना दोन मिनार, कोपऱ्यात चंद्रकोर. कवितेत यातलं काहीही नव्हतं. कवितेत होती कपाशी. पण वाचकानं पहिली ओळ वाचण्याआधीच चौकटीनं त्याला सांगून टाकलं होतं की हा कवी कोण आहे आणि याची कविता कशाबद्दल असणार. ज्यानं ते पान केलं त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यानं प्रेमानंच मिनार काढले होते. पण वेचणीला जाणाऱ्या त्या बायकांना त्या पानावर शिरायला जागा उरली नाही. त्यांत सगळ्या जातींच्या, सगळ्या धर्मांच्या बायका होत्या.

1990 साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. तिथं जमलेल्या लेखकांना एक साधी गोष्ट दाखवून द्यायची होती, की मराठी ही आमची जगण्याची भाषा आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात मराठीत 'योगसंग्राम' लिहिला, तेव्हापासूनचं हे नातं. इतक्या जुन्या नात्यालाही एक चौकट परकं करू शकते. मांडणी ही नुसती हौसेची गोष्ट नाही, असं मी म्हणतो ते यासाठी.

हे फक्त माझ्याच वाट्याला येतं असं समजू नका. बाईची कविता असेल तर गुलाब आणि मोकळे केस. दलित कवीची असेल तर तुटलेली साखळी. आणि आपल्या वऱ्हाडातल्या कुणाचीही असेल, तर भेगाळलेली जमीन. शेतकऱ्याच्या आत्महत्यांच्या बातम्या सुरू झाल्यापासून वऱ्हाड म्हटलं की पानावर ती भेगाळलेली जमीन येतेच. अरे, आपली काळी कपाशीची माती दर उन्हाळ्यात भेगाळते. पाऊस चांगला झालेल्या सालीही भेगाळते. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, तो तिचा धर्म आहे. त्या भेगांतून वरची माती खाली जाते, खालची हलते, म्हणून जुने लोक म्हणतात, ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरते. ज्याला आपण दुःखाचं चित्र म्हणून छापतो, ते इथल्या शेतकऱ्याला वैशाखातलं रोजचं रान वाटतं. त्याचं खरं दुःख बाजारभावात आहे, बियाण्याच्या खर्चात आहे, कर्जाच्या कागदात आहे. पण कर्जाच्या कागदाचं चित्र कुणी छापत नाही, कारण तयार नमुन्यांत ते मिळत नाही.

म्हणून मुलांनो, चित्र घेण्याआधी एक प्रश्न विचारा. हे चित्र मी पाहिलेलं आहे, की मला आयतं दिलेलं आहे? तुमच्या गावच्या जिनिंगचं पडकं गोदाम, बडनेऱ्याच्या फलाटावरची पाण्याची टाकी, अकोल्याच्या बाजारातली हातगाडी, यांचा एक साधा फोटो तुमच्या पानाला जे वेगळेपण देईल, ते जगभरच्या मोरपिसांनी मिळणार नाही.

करून पाहण्यासारख्या काही गोष्टी

इतकं ऐकल्यावर तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक आहे, पण उद्या अंक छापायला जायचा आहे, करायचं काय? तर मग कामाचं बोलू.

पहिली गोष्ट, सगळा मजकूर दोनदा वाचा आणि एका वाक्यात लिहून ठेवा की हा अंक कशाबद्दल आहे. ते वाक्य टेबलावर समोर ठेवा. मग रंग, अक्षर, चित्र जे काही घ्याल, ते त्या वाक्याला विचारून घ्या.

दुसरी गोष्ट अक्षराची. पूर्ण अंकाला दोन टंक पुरतात, एक मजकुराला आणि एक शीर्षकाला. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी 'मंगल' हा टंक घडवला. आज मुंबईच्या 'एक टाइप' या गटानं केलेले 'मुक्ता', 'बालू' यांच्यासारखे चांगले टंक फुकट मिळतात. म्हणून सगळेच एका पानावर वापरायचे नसतात. आणि टंक निवडताना त्यात आधी 'वऱ्हाड' हा शब्द लिहून पाहा. हसू नका. 'ऱ्हा'मधला तो अर्धा र कित्येक ठिकाणी मोडतो आणि रफार होऊन ह च्या डोक्यावर जाऊन बसतो. ज्या अक्षराला आपल्या प्रांताचं नाव नीट लिहिता येत नाही, त्याला अंकात कशाला घ्यायचं? 'तऱ्हा', 'गिऱ्हाईक', 'दुसऱ्या' हे शब्दही त्याच्या हातून सुटत नाहीत.

तिसरी गोष्ट ओळींमधल्या अंतराची. इंग्रजी अक्षराला बहुतेक वरखाली फारसं काही नसतं. आपल्या अक्षराच्या डोक्यावर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार, आणि पायाशी उकार, ऋकार. इंग्रजीसाठी ठरवलेलं अंतर तसंच ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टोचतो. अक्षर 12चं असेल तर ओळीचं अंतर 18 ठेवून पाहा. पान लगेच निवांत होईल. तसंच, शीर्षक रुबाबदार दिसावं म्हणून काही जण अक्षरं एकमेकांपासून लांब ओढतात. इंग्रजीत ते चालतं. आपल्याकडे तसं केलं की शिरोरेघ तुटते आणि शब्द मोडक्या कुंपणासारखा दिसतो.

चौथी गोष्ट, दोन्ही कडा सरळ करायचा हट्ट. मराठी शब्दाला प्रत्यय चिकटतात. 'अमरावतीकरांसाठीच्या' हा एकच शब्द आहे. अरुंद स्तंभात दोन्ही कडा सरळ ठेवल्या की असा शब्द पुढच्या ओळीत उडी मारतो आणि मागच्या ओळीत मोठमोठी भगदाडं पडतात. त्यापेक्षा डावी कड सरळ आणि उजवी मोकळी सोडा. एका ओळीत आठ ते बारा शब्द बसले तर डोळा थकत नाही.

पाचवी गोष्ट कवितेची, आणि इथं मी हात जोडून सांगतो. कवीनं जिथं ओळ तोडली तिथंच ती तुटली पाहिजे. ओळ लांब असेल आणि जागेत मावत नसेल, तर अक्षर लहान करा, किंवा उरलेले शब्द खालच्या ओळीत थोडे आत सरकवून घ्या, म्हणजे ती नवी ओळ नाही हे वाचकाला कळेल. मोबाइलच्या पडद्यावर तर याची फार काळजी घ्यावी लागते. तिथं कुणीही न सांगता ओळ कुठंही मोडते.

गझलेबद्दल तर अमरावतीकरांना मी काय सांगणार? सुरेश भटांचं हे गाव. 1932 साली ते इथं जन्मले आणि मराठी गझल काय असते, हे त्यांनी साऱ्या महाराष्ट्राला शिकवलं. त्यांच्या 1974च्या संग्रहाचं नावच 'रंग माझा वेगळा'. गझलेचा प्रत्येक शेर दोन ओळींत पूर्ण होतो, स्वतःच्या पायावर उभा राहतो. म्हणून दोन शेरांमध्ये मोकळी जागा हवी आणि एका शेराच्या दोन ओळी कधीच दोन पानांवर जाता कामा नयेत. पहिली ओळ या पानावर आणि दुसरी उलटून पुढच्या पानावर, म्हणजे शेर बोलणाऱ्याच्या तोंडावर मध्येच हात ठेवल्यासारखं आहे. उर्दूच्या दिवानांत शेराच्या दोन्ही ओळी समोरासमोर छापायची जुनी रीत आहे. मराठीत आपण त्या एकाखाली एक छापतो. दोन्ही रीती चांगल्या, कारण दोन्हींत ती जोडी शाबूत राहते.

शेवटची गोष्ट, छापायला देण्याआधी पान दोन माणसांना दाखवा. एक साठीच्या पुढचं, चष्मा लावणारं. त्यांच्याकडून एक परिच्छेद मोठ्यानं वाचून घ्या. ते कुठं अडखळतात, कुठं पान उजेडाकडे धरतात, ते पाहा. लाल रंगावर काळी अक्षरं का नकोत, हे मला समजावून सांगावं लागणार नाही. दुसरं माणूस असं निवडा की ज्याला तुमचा अंक ठाऊक आहे. त्याच्यासमोर अंकाचं नाव आणि सगळी चित्रं हातानं झाका आणि विचारा, हे कुणाचं पान? त्यानं बरोबर सांगितलं तर समजा, पानाला चाल आली.

ही चाल एका अंकात येत नाही. पाच-सहा अंक एकच माप, एकच अक्षर, एकच समास धरून काढावे लागतात. दरवर्षी नवं संपादक मंडळ येतं आणि आधीचं सगळं पुसून नव्यानं सुरू करतं, म्हणून कॉलेजचे अंक एकमेकांसारखे दिसतात आणि स्वतःसारखे कधीच दिसत नाहीत. नव्या मुलांनी जुन्या अंकाकडून निदान एक गोष्ट वारशानं घ्यावी. समास घ्या, शीर्षकाची जागा घ्या, काहीही घ्या. बाकी सगळं बदला.

पैशाचं कारण मला सांगू नका. कोरी जागा, नीट अंतर, मोडलेला शब्द सुधारणं, शेराची जोडी राखणं, यांतल्या एकाही गोष्टीला जास्तीचा पैसा लागत नाही. वेळ लागतो आणि ज्यानं लिहिलं त्याच्याबद्दल आस्था लागते. एखाद्या दर्यापूरच्या, तेल्हाऱ्याच्या मुलीनं आयुष्यात पहिल्यांदा कविता लिहून तुमच्या हातात दिलेली असते. ती कविता लोकांसमोर कोणत्या कपड्यांत जाणार, हे तुमच्या हातात आहे. तिला विचारा. तिला काय हवं, काय नको, ते ऐकून घ्या. छापण्याआधी तिचं पान तिला दाखवा.

यंदाच्या अंकांची तयारी सुरू झाली असेलच. मनापासून शुभेच्छा. नमस्कार. खुदा हाफिज.